फिलिपिन्समधले होसे डिओक्नो कोण होते? वकील की राजकारणी?

दोन्ही, पण माझ्या मते आधी वकील. १९२२ साली जन्मलेल्या डिओक्नोंनी कायद्याचं शिक्षण पूर्णही केलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या खास परवानगीने ते १९४४ च्या वकिलीच्या परीक्षेला बसले आणि पुढे सिनेटर झालेल्या होविटो सालोंगांच्या बरोबरीने पहिले आले! पुढे न्यायमंत्री झाले, पण स्टोनहिल या बड्या अमेरिकन उद्योगपतीवर धाडी घातल्या आणि १९६२ मध्ये पद गेलं. १९६३ मध्ये ते सिनेटवर निवडून आले.

खरी कसोटी लागली ती १९७२ मध्ये. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा लावताच डिओक्नोंना वॉरंटशिवाय उचललं. जवळपास दोन वर्षं कैदेत ठेवलं, त्यातला काही काळ लाऊरच्या लष्करी तळावर एकांतवासात. आरोपपत्र मात्र कधीच नाही. १९७४ मध्ये सुटल्यावर माणूस गप्प बसला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी मात्र त्याच वर्षी 'फ्लॅग' (फ्री लीगल असिस्टन्स ग्रुप) ही वकिलांची संघटना उभी केली आणि राजकीय कैद्यांचे, जमिनीवरून हुसकावल्या जाणाऱ्या गरिबांचे खटले फुकट लढवले.

मार्कोस यांची सत्ता गेल्यावर नव्या राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनोंनी त्यांना मानवी हक्क समितीचं अध्यक्ष केलं. जानेवारी १९८७ मध्ये मनिलातल्या मेंदिओला इथे शेतकऱ्यांच्या मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा त्यांनी सरकारी पदांचा राजीनामा दिला. कर्करोग बळावला होता. पुढच्याच महिन्यात ते गेले.