ट्रक कॅम्पर : विकत घ्यावा की भाड्यानं?

पिकअपच्या हौद्यात बसवायचं छोटंसं घर म्हणजे ट्रक कॅम्पर. उन्हाळ्याच्या सहली ठरायला लागल्या की अमेरिकेतल्या वाचकांचे प्रश्न येऊ लागतात. त्यांतले चार इथे घेतले आहेत.

आम्ही दोघं आणि दोन मुलं. घरी फोर्डचा एफ-१५० पिकअप आहे. वापरलेला कॅम्पर स्वस्तात मिळतोय, घेऊ का? (न्यू जर्सी)

आधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती पाउंडांच्या वर जायचं नाही, ते त्यावर छापलेलं असतं. जाहिरातीतला आकडा विसरा. हा आकडा तुमच्याच गाडीचा आहे. एफ-१५०वर तो बहुतेक वेळा दोन हजारांच्या आतच असतो.

आता बेरीज करा. पक्क्या भिंतींचा लहान कॅम्परसुद्धा रिकामा दोन हजार पाउंडांच्या आसपास जातो. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पाउंडांचा, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की अडीचशे वाढले. तुम्ही चौघं धरा साडेपाचशे. गॅस, बॅटऱ्या, भांडी, पांघरुणं मिळून चारशे. झाले ३,२००. विकणारा "माझ्या गाडीनं ओढलाय की" म्हणेल. गाडी ओढते हो, प्रश्न आहे घाटात उतरताना ब्रेकचा, टायरचा आणि मागे बसलेल्या मुलांचा. मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते, म्हणून स्पष्ट सांगतो : हा घेऊ नका. छत वर उचलायचा, कापडी भिंतींचा हलका पॉप-अप कदाचित बसेल. तोही सगळं भरून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर तोलून बघा. खरं तर आधी कॅम्पर ठरवावा आणि मग तो पेलणारा ट्रक घ्यावा.

वर्षाला किती रात्री वापरला तर विकत घेणं परवडतं? (कॅलिफोर्निया)

ट्रक तुमच्याकडे आहेच असं धरतो. समजा कॅम्परची किंमत दरवर्षी ४,००० डॉलरनं उतरते. ठेवायच्या जागेचं भाडं १,२००, विमा ५००, देखभाल ८००. झाले ६,५००. भाड्याचा कॅम्पर ट्रकसकट रात्रीला २०० पडत असेल, तर साधारण ३२ रात्रींना दोन्ही पारडी सारखी होतात. आकडे तुमच्या भागातले घाला. ठेवायच्या जागेचा खर्च मात्र वगळू नका. आपल्यापैकी बरेच जण राहतात त्या सोसायट्यांच्या नियमांत तो दारात उभा करता येत नाही.

नोकरीतल्या रजा मोजल्या तर ३२ रात्री बहुतेकांच्या होत नाहीत. म्हणून आधी दोन हंगाम भाड्यानं फिरा, असं मी सांगतो.

एका बाबतीत मात्र स्वतःचा कॅम्पर फार सुखाचा. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद गाडी नेता येत नाही. आम्ही तळावर परवानगी काढून कॅम्पर त्याच्या चार जॅकवर उभा केला आणि मोकळा पिकअप घेऊन त्याच रस्त्यावरच्या लोगन पास खिंडीत गेलो. भाड्याचा कॅम्पर असा उतरवायला सहसा परवानगी नसते.

सिएटलहून अलास्का, शिवाय डेम्पस्टर हायवेनं टुक्टोयाक्टुकपर्यंत जायचंय. भाड्यानं घेऊ का? (वॉशिंग्टन)

सिएटलहून नाही. अलास्कातल्या फेअरबँक्सला जाऊन-येऊनच चार हजारांवर मैल होतात. भाड्यावर मैलाला ४० सेंट लावले तर नुसते मैलच सोळाशे डॉलरच्या पुढे. त्यापेक्षा विमानानं कॅनडातलं व्हाइटहॉर्स गाठा आणि तिथून भाड्यानं घ्या. त्या गावात ट्रक कॅम्पर भाड्यानं देणं हा जुना धंदा आहे.

डेम्पस्टर हा कॅनडाच्या उत्तरेकडे जाणारा रस्ता, इनुविक गावापर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, जवळजवळ सगळा खडीचा. पुढे टुक्टोयाक्टुकचा रस्ता २०१७ मध्ये खुला झाला, तोही खडीचाच. तिथली अणकुचीदार खडी टायर फाडते. म्हणून करारात डेम्पस्टरचं नाव घालून लेखी परवानगी घ्या आणि जादा टायर किती मिळणार ते विचारा. वाटेत पील आणि मॅकेन्झी नद्या उन्हाळ्यात फेरीनं ओलांडाव्या लागतात. नद्यांवर बर्फ धरताना आणि तो फुटताना रस्ता बंद असतो. ग्रीन कार्ड असेल तर कॅनडासाठी पासपोर्ट आणि ते कार्ड पुरतं, पण एच-१बीवर भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा आधी काढा.

आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतायत, दोघंही सत्तरीचे. त्यांना कॅम्परमधून फिरवावं असं मनात आहे. (टेक्सस)

फिरवा, जरूर फिरवा, पण ट्रक कॅम्परमधून नको. मोठा पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो. तिथे चढून, वाकून, सरपटत जावं लागतं आणि रात्री दोनदा उठायचं तर तसंच उतरावं लागतं. प्रवासात त्यांना पुढे पिकअपमध्येच बसवावं लागेल. चालत्या कॅम्परमध्ये माणसं बसवायला बऱ्याच राज्यांत बंदी आहे. जिथे चालतं तिथेही मी बसवणार नाही.

त्यांच्यासाठी एक आठवडा मोटरहोम, म्हणजे घर आणि गाडी एकच असलेलं वाहन, भाड्यानं घ्या. बुक करताना दोन गोष्टी विचारा : मागे जमिनीलगतचा पलंग आहे का, आणि प्रत्येकाला सीटबेल्ट आहे का. रोज दोनशे मैलांच्या आत थांबा. माझी आई आली होती तेव्हा दुपारी तीनलाच तळ गाठायचो. ती बाहेर खुर्ची टाकून बसायची, मी आत चहा टाकायचो.