चिठ्ठी टाकून इलाज?

"मॅडम, माझ्या लेकीचा इलाज चिठ्ठी टाकून ठरवणार आहेत म्हणे. तुम्हाला पटतं का हे?"

आईने खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारलं. हातातल्या संमतीपत्राची गुंडाळून गुंडाळून सुरळी झाली होती. बाबा दाराशीच उभे होते, मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपलेली. मुलांच्या मूत्रविकारांच्या विभागात समुपदेशन करताना हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कानावर येतो. कुणी 'प्रयोग' म्हणतं, कुणी 'जुगार', एका आजोबांनी तर 'आमच्या नातवाचा उंदीर करताय' असंच सुनावलं होतं. त्या मानाने चिठ्ठी हा शब्द मला नेमका वाटतो, कारण प्रकार खरोखर तसाच असतो. फक्त चिठ्ठी संगणक काढतो. (या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगी सव्वातीन वर्षांची. दोन वर्षांची व्हायच्या सुमारास तिला पाठोपाठ दोनदा हुडहुडी भरून ताप आला होता. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. पहिल्या खेपेला तो 'कसला तरी व्हायरल' ठरला. दुसऱ्या खेपेला कुणीतरी लघवी तपासली आणि जंतू सापडले. मग सोनोग्राफी झाली, मग एमसीयू, म्हणजे लघवीच्या वाटेने बारीक नळी घालून मूत्राशयात औषध भरायचं आणि मूल लघवी करत असताना एक्स-रे काढायचे. या तपासणीची आठवण काढली की आजही आईचे डोळे भरून येतात. त्यात निघाला रिफ्लक्स, तिसऱ्या श्रेणीचा.

किडनीकडून लघवी आणणारी नळी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते. मूत्राशय भरलं की भिंतीच्या दाबाने हा तिरका भाग मिटतो आणि लघवीला मागे जायला वाट राहत नाही. काही मुलांमध्ये तो जन्मतःच आखूड असतो, नीट मिटत नाही, लघवी उलटी वर चढते. हाच रिफ्लक्स. किती चढते, नळी किती फुगते, यावरून एक ते पाच श्रेणी. त्या लघवीत जंतू असले तर ते थेट किडनीत पोचतात, ताप येतो, किडनीवर वण राहू शकतो. मात्र मूल वाढतं तसा तो तिरका भागही लांबतो, आणि सौम्य श्रेणीतल्या बहुतेक मुलांचा रिफ्लक्स आपसूक जातो. तिसऱ्या श्रेणीतही पुष्कळांचा जातो. तोवर जंतूंना रोखून धरायचं, म्हणून रोज रात्री झोपताना अँटिबायोटिकचा एक छोटा डोस. रात्री अशासाठी, की मग औषध रात्रभर मूत्राशयातल्या लघवीत राहतं.

हा डोस सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. ताप एकदाही आला नव्हता. आणि आता डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल विचारलं होतं: वर्षभर ताप न आलेल्या मुलांपैकी निम्म्यांचं औषध चालू ठेवायचं, निम्म्यांचं थांबवून बारीक लक्ष ठेवायचं. कुणाचं काय, ते चिठ्ठीवर.

पूर्वी मी अशा वेळी संमतीपत्र हातात घेऊन पहिल्या ओळीपासून समजावायला लागायचे. चौदा-पंधरा पानं. आईबाप मान डोलवायचे, सही करायचे किंवा करायचे नाहीत, आणि त्यांच्या मनात काय होतं ते मला शेवटपर्यंत कळायचं नाही. आता मी कागद बाजूला ठेवते आणि एकच विचारते, की या सगळ्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

"औषध थांबवायची चिठ्ठी निघाली तर?" आई म्हणाली. "पुन्हा तसा ताप आला तर? मी सही केली म्हणून आला, असंच होणार ना?"

"मला उलटी भीती आहे," बाबा दाराशी होते तिथूनच म्हणाले. "चालू ठेवायची निघाली तर? एवढीशी पोर, आणखी दोन वर्षं रोज अँटिबायोटिक? उद्या खरंच मोठं दुखणं आलं तर औषध लागू तरी पडेल का?"

"तुम्ही मला हे कधी बोललाच नाहीत," आई म्हणाली.

मी गप्प राहिले. एकाच घरातली दोन माणसं, एकाच मुलीवर सारखाच जीव टाकणारी, आणि एकाची नकोशी चिठ्ठी ती दुसऱ्याला हवीशी. असा अभ्यास का करावा लागतो, हे याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. डॉक्टरांच्या खोलीतही हेच असतं. एक म्हणतो चालू ठेवा, दुसरा म्हणतो आता पुरे, आणि दोघेही खोटं बोलत नसतात.

"पण मग डॉक्टरांना माहीत नाही म्हणजे काय?" बाबा शेवटी बसले. "एवढी वर्षं हा आजार बघतायत ना?"

हा प्रश्न मला आवडतो. त्याचं उत्तर द्यायला मी दोन अभ्यासांची हकीकत सांगते, जरा सावकाश, कारण आकडे ऐकले की लोक घाबरतात.

पहिला स्वीडनमधला, २०१० साली छापून आलेला. एक ते दोन वर्षांची २०३ मुलं, रिफ्लक्स तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा. चिठ्ठी टाकून तीन गट केले: एकाला रोजचं औषध, दुसऱ्याला दुर्बिणीतून नळीच्या तोंडाशी इंजेक्शन, तिसऱ्यावर नुसती नजर. दोन वर्षांत मुलींमध्ये असं दिसलं, की नुसती नजर ठेवलेल्या ४२ जणींपैकी २४ जणींना पुन्हा तापाचा संसर्ग झाला, आणि औषध घेणाऱ्या ४३ जणींपैकी फक्त आठ जणींना. किडनीचं नवं नुकसानही नजर ठेवलेल्या मुलींमध्ये जास्त, औषध घेणाऱ्यांमध्ये एकीलाही नाही. मुलग्यांमध्ये मात्र संसर्ग मुळातच इतके कमी झाले की फारसं काही सांगता येईना.

आईची मान ताठ झाली. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली.

दुसरा अमेरिकेतला, २०१४चा. सहा वर्षांच्या आतली ६०७ मुलं, बहुतेक मुली, श्रेणी एक ते चार. निम्म्यांना रोज औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रव्य. कुणाला काय मिळतंय हे आईबापांनाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. दोन वर्षांत औषधाच्या गटातल्या ३०२ पैकी ३९ मुलांना पुन्हा संसर्ग झाला, दुसऱ्या गटातल्या ३०५ पैकी ७२ मुलांना. म्हणजे औषधाने संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. पण किडनीवरचे वण? दोन्ही गटांत सारखेच. शिवाय औषध चालू असतानाही ज्यांना ई. कोलाय जंतूचा संसर्ग झाला, त्यांच्यातले ६३ टक्के जंतू त्या औषधाला दाद न देणारे निघाले. दुसऱ्या गटात हे प्रमाण १९ टक्के होतं.

आता बाबांनी आईकडे पाहिलं, पण बोलले काही नाहीत. दोघांनाही आपापल्या बाजूचा साक्षीदार मिळाला होता.

आणि यातल्या कुठल्याही अभ्यासाने यांच्या मुलीचा प्रश्न विचारलेला नव्हता. वर्षभर सगळं ठीक आहे, तर आता थांबवायचं की नाही? प्रत्येक डॉक्टर आपल्या अंदाजाने कधीतरी थांबवतोच. तोही एक प्रकारे प्रयोगच, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

"ठीक आहे, पण मग डॉक्टरांनीच ठरवावं ना, कुणाचं थांबवायचं. चिठ्ठी कशाला?" हे आईचं.

कारण डॉक्टरही माणूस आहे. ज्या मुलाबद्दल धाकधूक कमी, त्याचंच औषध तो थांबवणार. मग वर्षाने दिसणार की थांबवलेली मुलं ठणठणीत आहेत, आणि कुणालाच कळणार नाही की ती थांबवल्यामुळे ठणठणीत आहेत, की आधीपासूनच बरी होती. रिफ्लक्सच्या बाबतीत हा घोळ फार सहज होतो, कारण तो वयाबरोबर आपसूकही जातो. एके काळी नळी नव्याने बसवण्याच्या मोठ्या ऑपरेशनकडे बराच कल होता. ऑपरेशनने नळी सुधारायचीच, त्यामुळे सगळेच समाधानी. पुढे ऑपरेशन आणि औषध यांची चिठ्ठी टाकून तुलना झाली, तेव्हा तापाचे संसर्ग ऑपरेशननंतर कमी दिसले, पण किडनीवर नवे वण पडण्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

एक गोष्ट मी आईबापांना स्पष्ट सांगते, कारण संमतीपत्रात ती असली तरी मनापर्यंत पोचत नाही. अभ्यासात आलं म्हणजे खास इलाज मिळतो, असं नाही. तपासण्या जास्त होतात, फोन जास्त येतात, लक्ष जास्त राहतं, पण इलाज यांच्या मुलीसाठी निवडलेला नसतो. हे पटत नसेल तर 'नाही' म्हणावं, आणि 'हो' म्हटल्यावरही मधूनच बाहेर पडता येतं, कारण न सांगता.

"नाही म्हटलं तर डॉक्टर रागावणार नाहीत?" हे बाबांनी इतक्या हळू विचारलं, की हाच प्रश्न ते दारापासून खुर्चीपर्यंत घेऊन आले होते हे कळलं. मी म्हटलं, रागावले तर ती त्यांची चूक, आणि ती मला येऊन सांगायची.

यानंतर सहसा गाठ सुटते. इथे सुटली नाही. आई सुरळी उलगडून एकाच पानावर बोट फिरवत राहिली. मी वाकून पाहिलं. त्या पानावर भेटीचं वेळापत्रक होतं, आणि एक ओळ: प्रत्येक भेटीला औषधाची बाटली सोबत आणावी, उरलेलं औषध मोजलं जाईल.

"बाटली मोजतात?" तिने विचारलं.

"मोजतात."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, रोज नाही देत मी. म्हणजे देते, पण राहून जातं. ती लवकर झोपते, उठवावंसं वाटत नाही. आठवड्यात तीन-चारदा राहतं कधी कधी. सकाळी आठवतं, मग भीती वाटते. डॉक्टर दर वेळी विचारतात, 'औषध चालू आहे ना?' मी म्हणते हो."

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

चिठ्ठीची भीती खोटी नव्हती. पण तिच्या आड ही दुसरी बसली होती, आणि आकड्यांनी ती हलणारी नव्हती. लांबच्या औषधात डोस राहून जाणं इतकं सर्रास असतं, की अभ्यासांत बाटल्या मोजतात त्या त्यासाठीच. पण आईला तो हजेरीपट वाटला, आणि त्यात ती गैरहजर. मी तिला हे सांगितलं, आणि हेही, की ही माहिती लपवायची नाही, मुलीच्या फायद्याची आहे.

दुपारी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. सांगायचं आईने, हे ठरलं होतं, पण सुरुवात बाबांनी केली. "चूक दोघांची आहे, रात्री मीही घरीच असतो." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. म्हणाले, "हे आधी कळतं तर बरं झालं असतं. किती महिने असं चाललंय?"

"सहा-सात."

"आणि ताप नाही."

"नाही."

ते जरा थांबले. अर्धवट औषधावर सहा-सात महिने ही मुलगी तापाशिवाय राहिली होती. त्याचा अर्थ तिला औषधाची फारशी गरज नाही, असा एका मुलीवरून काढता येत नाही, आणि त्यांनी काढलाही नाही. पण पुढचे सगळे प्रश्न बदलले. लघवी दाबून धरते का? शी कडक होते का? दोन्हींना उत्तर हो आलं. शी साचली की मूत्राशय नीट रिकामं होत नाही, मग जंतूंना मुक्काम मिळतो, आणि अशा मुलांना रिफ्लक्ससोबत संसर्गाचा धोका जास्त असतो. वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा. आम्ही सगळे बाटलीभोवती फिरत होतो.

मग डॉक्टरांनी अभ्यासाच्या अटींचा कागद काढला आणि बोट ठेवलं: आधीचं वर्षभर औषध नियमित घेतलेलं असावं. म्हणजे ही मुलगी अभ्यासात बसतच नव्हती.

"मी तर हो म्हणायच्या बेतात होतो," बाबा म्हणाले.

आई हसली, त्या दिवशी पहिल्यांदा. ठरलं ते असं: बद्धकोष्ठाचा इलाज आधी, दर दोन-तीन तासांनी आठवणीने लघवीला बसवायचं, तीन महिने औषध नेमाने द्यायचं, आणि मग थांबवायचं का ते पुन्हा बोलायचं. ताप आला तर त्याच दिवशी लघवीची तपासणी, मग तो कितीही 'व्हायरल' वाटो.

तीन महिन्यांनी आई एकटीच आली. औषधाची बाटली आता दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवतात, आणि ब्रश हातात घेतला की मुलगी आधी औषधासाठी तोंड उघडते, असं सांगत होती. जाताना दारात थांबली. "त्या अभ्यासाचं काय निघालं, ते आम्हाला कळेल का हो?" मी म्हटलं, अजून दोन-तीन वर्षं लागतील.

"तोवर ही शाळेत जायला लागेल," ती म्हणाली, आणि माझ्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर स्वतःचा फोन नंबर लिहून गेली.