वाचकांचे प्रश्न : थेल्मा रिटर आणि छोट्या भूमिकेतलं काम

गेल्या अंकात थेल्मा रिटर या अमेरिकन चरित्र अभिनेत्रीचा ओझरता उल्लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

चाळिशी ओलांडल्यावर मला आई-मावशीच्या भूमिका मिळू लागल्या. रिटरबाईंचा पहिला चित्रपट पंचेचाळिशीत आला असं वाचलं. इतक्या उशिरा सुरुवात करून एवढं जमतं?
— एक वाचक, राजारामपुरी

उशीर झाला तो पडद्यावर यायला. अभिनयाला त्यांनी तरुणपणीच सुरुवात केली होती. न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये त्या शिकल्या आणि पुढे स्टॉक कंपन्यांत राबल्या. स्टॉक कंपनीत तोच नटसंच एकामागून एक नाटकं बसवतो. आज मोलकरीण, पुढच्या नाटकात सासू. मुलं लहान असताना रंगभूमी मागे पडली. परतल्या त्या रेडिओच्या वाटेनं, आणि चाळीसच्या दशकात तिथे भरपूर काम केलं. रेडिओवर चेहरा नसतो, कपडे नसतात. माणूस उभा करायचा तो नुसत्या आवाजावर. पुढे पडद्यावर त्यांचं एक वाक्यही वाया जात नाही, त्यामागे ही तालीम आहे.

१९४७ मध्ये दिग्दर्शक जॉर्ज सीटन यांनी ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’मध्ये त्यांना एक छोटंसं काम दिलं. दुकानातला सांता मुलाला आगीच्या बंबाचं खेळणं कबूल करून बसतो आणि ते शोधून पाय दुखलेली आई त्याच्यावर वैतागते. सांता तिला दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो, तेव्हा ती चकित होते. श्रेयनामावलीत त्यांचं नावही नव्हतं. १९४९ च्या ‘अ लेटर टू थ्री वाइव्ज’मध्येही नव्हतं. पण त्याच चित्रपटाच्या दिग्दर्शकानं, जोसेफ मँकिविझ यांनी, १९५० मध्ये ‘ऑल अबाउट ईव्ह’मधली बर्डी, म्हणजे नाटकातल्या बड्या नटीच्या मदतनिसाची भूमिका, त्यांना दिली. मधल्या वर्षांत हात चालू ठेवा, एवढंच तुम्हाला सांगू. एकांकिका, आकाशवाणी, अभिवाचन, जे मिळेल ते घ्या.

सहा वेळा ऑस्करचं नामांकन आणि एकदाही बाहुली नाही. अन्याय झाला का?
— एक वाचक, इचलकरंजी

सहाही नामांकनं सहायक अभिनेत्रीसाठी होती : ‘ऑल अबाउट ईव्ह’, ‘द मेटिंग सीझन’, ‘विथ अ साँग इन माय हार्ट’, ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’, ‘पिलो टॉक’ आणि ‘बर्डमॅन ऑफ अल्कॅट्राझ’. पहिली चार तर १९५० ते १९५३ अशी लागोपाठ चार वर्षांच्या चित्रपटांसाठी. पहिल्या वेळी त्याच चित्रपटातल्या सेलेस्ट होम यांनाही नामांकन होतं, म्हणजे मतं विभागण्याचा धोका आलाच. शिवाय चित्रपटाच्या उत्तरार्धात बर्डी जवळपास दिसेनाशी होते. त्या वर्षी ‘हार्वी’साठी जोसेफिन हल जिंकल्या.

अन्याय म्हणायचाच तर आमच्या मते तो ‘पिकअप’च्या वर्षी झाला. तेव्हा पुरस्कार ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’च्या डोना रीड यांना गेला. रिटरबाईंची मो ही नेकटाय विकणारी, पोलिसांना खबरा पुरवणारी म्हातारी. बेवारस म्हणून पुरलं जाऊ नये यासाठी ती पैसे साठवते. शेवटच्या प्रसंगात ती थकून खोलीवर येते, तिथे मारेकरी वाट पाहत असतो. ती गयावया करत नाही, आवाजही चढवत नाही. थकवा सगळ्या शब्दांत सारखा मुरलेला आहे. कॅमेरा ग्रामोफोनकडे वळतो आणि गोळी फक्त ऐकू येते. मरण दिसत नाही, तरी प्रसंग कमी पडत नाही, कारण तोवर बाईंनी सगळं करून ठेवलेलं असतं.

रंगभूमीनं मात्र त्यांना मान दिला. ‘न्यू गर्ल इन टाउन’ या १९५७ च्या संगीतिकेसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला, तोही नायिका ग्वेन व्हर्डन यांच्याबरोबर विभागून.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवत असलेल्या नाटकात मला चार मिनिटांची आजी आहे. दिग्दर्शक म्हणतात, ‘रिअर विंडो’ बघ. त्यात नेमकं काय बघू?
— एक वाचक, गडहिंग्लज

दिग्दर्शकांनी नेमकी जागा दाखवली आहे. रिटरबाई त्यात विमा कंपनीनं पाठवलेली नर्स आहेत. नायकाचा पाय प्लास्टरमध्ये. पहिल्या प्रवेशात त्यांची बोलणी किती आहेत ते मोजू नका, हात बघा. थर्मामीटर, मग तेल, मग मालिश. तेल गार लागल्याची तक्रार तो करतो, तरी त्या थांबत नाहीत. शेजाऱ्यांच्या खिडक्यांत डोकावण्यावरून त्या त्याला झापतात ते हे सगळं करता करता. बोलण्याचा ताल हातांच्या कामातून येतो, त्यामुळे उपदेश उपदेश वाटत नाही.

तुमची आजी मेथी निवडते असं धरू. मेथी खरी घ्या, कागदी नको. चार मिनिटांना अर्धी जुडी ठेवा. पूर्ण जुडी घेतलीत तर बोलणी संपल्यावरही ढीग उरतो आणि नट घाईनं गोळा करू लागतो. पहिल्या आठवड्यात एकही वाक्य न म्हणता नुसती भाजी निवडा, बोटं आपोआप चालेपर्यंत. मग वाक्यं घाला. काडी मोडायची ती ज्या शब्दावर जोर आहे त्याच्या आधी किंवा नंतर, शब्दावर कधीच नाही. प्लास्टिकची पिशवी टाळा, वर टांगलेला माइक तिची चुरचुर आधी उचलतो आणि तुमचा आवाज नंतर. स्टीलच्या ताटाऐवजी सूप घ्या.

हात एकदाच थांबवा. चार मिनिटांत आजीला सर्वांत जास्त लागणारी जी गोष्ट असेल, तिथे. दोनदा थांबलात की पहिल्या थांबण्याची किंमत गेली.

आपल्याकडे हौशी रंगमंचावर आजी म्हटली की कंबर वाकते, मान हलते, आवाज कापतो. तीन खुणा एकदम लावल्या की प्रेक्षक माणूस बघत नाही, खुणा बघतो. एकच ठेवा, आणि ती कामातून येऊ द्या. गुडघा दुखतो तर बसताना उशीर लागेल, बसल्यावर नाही. दुसऱ्याचं वाक्य चालू असताना भाजीकडे बघा, पण कान तिकडे असू द्या. ‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये ईव्ह आपली करुण कहाणी सांगते तेव्हा बर्डी ती ऐकत असते. त्या ऐकण्यामुळेच शेवटचा तिचा शेरा टोचतो.

दादा कोंडक्यांच्या चित्रपटांतल्या रत्नमालाबाईंच्या ‘आये’शी रिटर यांची तुलना होईल का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

होईल. दोघींचा ठसका अस्सल आणि बोलीतला, रिटर यांचा ब्रुकलिनचा. ‘आये’ला लेकाच्या प्रत्येक उपद्व्यापात वाटा होता, रिटर यांच्या बायका बहुधा कडेला उभ्या राहून खरं बोलतात. म्हणून त्यांना कमी वेळात जास्त काम करावं लागलं. बघायला सुरुवात ‘रिअर विंडो’पासून करा, मग ‘पिकअप’. ‘पिलो टॉक’ शेवटी, तिथे त्या सदा झिंगलेल्या मोलकरणीच्या भूमिकेत आहेत आणि विनोद सगळा सांभाळलेल्या तोलावर चालतो.