कोकणातल्या गावात खरंच रोज मासे खातात का? आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असताना प्रथिनांचं काय?

रोज नाही. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी वजा करा, कुणाचा शनिवारही असतो, वर श्रावण. उरलेल्या दिवसांतही ‘मासे’ म्हणजे थाळीतली सुरमई नव्हे. मोठी सुरमई आणि पापलेट बंदरावरूनच मुंबईच्या गाडीत चढतात. रायगडात किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर आतल्या गावात पाटीतून नाहीतर स्कूटरवरच्या बर्फाच्या पेटीतून येतात ते बांगडे, मांदेली, ओले बोंबील. पाच माणसांत चार बांगड्यांचं कालवण, म्हणजे माणशी दोन-तीन तुकडे. भात संपतो तो रश्शावर.

आता पावसाळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद. पहिल्या मोठ्या पावसात वलगणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला ओढ्यातून वर येणारे, चढतात, शेतात मुठे (खेकडे) मिळतात, पण ती चार दिवसांची चंगळ. (गाभोळीने भरलेले मासे ओढ्यात आडवं जाळं लावून सगळेच्या सगळे उचलायचे हा शुद्ध मूर्खपणा आहे, पुढच्या वर्षी ओढा रिकामा का म्हणून विचारू नये.) खरा आधार सुक्या मासळीचा. ‘सुकट गरिबांची, त्यात काय असतं’ म्हणणारे आमच्या नात्यातही भरपूर आहेत, म्हणून हिशोबच देतो. सुकट म्हणजे सुका जवळा, कोळंबीसारखाच पण अगदी बारीक. त्यात 100 ग्रॅममागे 60 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. पाच जणांच्या सुकट-बटाट्यात 100 ग्रॅम सुकट घातली तर माणशी 12 ग्रॅम, म्हणजे दोन अंड्यांइतकी. शिवाय जवळा कवचासकट खातो, त्यामुळे कॅल्शियम वेगळं. प्रथिनांच्या पावडरीचा डबा गावी आणून देणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या साठ्याची खरेदी एप्रिल-मेमध्ये करायची. पाच माणसांना आठवड्यातून दोनदा धरली तर दहा आठवड्यांना सुकट दोन किलो, बोंबील किलोभर, वाकट्या (पट्टीसारखे लांब सुके मासे) अर्धा किलो, खारवलेले बांगडे दोन डझन. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, महाग, पाव किलो पुरे. श्रावणाआधी अधिक महिना आला तर श्रावण पुढे जातो आणि साठा वाढवावा लागतो, हे दर वेळी कुणीतरी विसरतं.

घेताना बोंबील वाकवून बघा. वलांडीवर (मासे वाळत टाकायच्या दोरी-बांबूवर) नीट वाळलेला बोंबील पिवळसर-पांढरा असतो आणि कडक लागतो. लवचिक लागला तर आत ओल आहे, जुलैत बुरशी ठरलेली. खारवलेल्या बांगड्यावर लालसर डाग असतील तर परत ठेवा, ते मिठात वाढणारे जिवाणू असतात. जवळा मुठीत दाबून सोडला की मोकळा झाला पाहिजे.

बाजारातून आणलेली मासळी तशीच डब्यात भरणं ही सगळ्यात मोठी चूक. जवळा आधी चाळायचा, त्यातले शिंपल्यांचे तुकडे काढायचे, मग सगळ्याला दोन-तीन कडक उन्हं द्यायची. ढगाळ दिवशी बाहेर काढू नका. मासळी सुकत नाही, माश्या मात्र अंडी घालून जातात. संध्याकाळी उचलल्यावर पूर्ण गार होऊ द्या. गरम भरलीत तर डब्याला आतून घाम येतो आणि तिथूनच बुरशी धरते. हे सगळं मृगाच्या आधी उरकायचं. भरताना एक मोठा डबा करू नका. आठवड्याला पुरतील अशा छोट्या पिशव्या बांधून पत्र्याच्या डब्यात ठेवा, म्हणजे रोज झाकण उघडून दमट हवा सगळ्या साठ्याला लागत नाही.

करताना सुकट आधी मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडी भाजायची, मग पाण्यात घालून हाताने वर उचलून घ्यायची. पाणी चाळणीत ओतलंत की तळाची रेती परत सुकटीतच येते. बोंबलाचं डोकं, शेपूट आणि पर कापून दहा मिनिटं गरम पाण्यात. वांगं, बटाटा, कैरी, आमसूल, काहीही चालतं. तिकडे सिंधुदुर्गात खारा बांगडा निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर खातात, त्याला तर भाजीचीही गरज नाही.

रक्तदाबवाल्यांनी मात्र खारा बांगडा जपून खावा. अर्धा तास भिजवून, दोनदा पाणी बदलूनही मीठ बरंच उरतं. बोंबील आणि जवळा बहुतेक वेळा मिठाशिवायच वाळवतात, त्यांचा तेवढा प्रश्न नाही. कोळंबीची ॲलर्जी असेल तर जवळा आणि सोडे पूर्ण बंद, भाजल्याने ती जात नाही. आणि ज्या घरात कुणीच मासळी खात नाही तिथे माझा हा सगळा हिशोब लागू नाही, तिथे वाल आणि कुळीथ आहेतच. वासाची तक्रार करणाऱ्यांनी डबा पडवीत ठेवावा, पण सुकटीत काही नसतं असं परत म्हणू नये.