सैन्य गेलं, तरी पगार आणि स्पेअर पार्ट पोहोचले पाहिजेत

प्रश्न : अफगाण सैन्य तीन लाखांचं म्हणत होते. मग अमेरिकी फौज निघते न निघते तोच काबूल कसं पडलं? माघार घेण्याआधी काय उभं करावं लागतं?
– एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : तीन लाख हा हजेरीपटावरचा आकडा. त्यातली बरीच नावं खोटी होती, त्यांचा पगार वरचे अधिकारी खात. पण खरा घाव बसला तो देखभालीवर. रशियन बनावटीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरची बहुतेक दुरुस्ती अफगाण मेकॅनिक स्वतः करत. त्यांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक आणली, ती परदेशी कंत्राटदारांशिवाय चालेनात. फेब्रुवारी २०२०च्या अमेरिका-तालिबान दोहा करारात सैनिकांबरोबर कंत्राटदारांनीही निघायचं ठरलं. मशीन नवं, पण एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपलेली आणि स्पेअर गोदामात नाही, याचा अर्थ तुमच्या इस्टेटीत कोणालाही कळेल. हेलिकॉप्टर उडेना म्हणून दूरच्या चौक्यांना दारूगोळा मिळेना, जखमी तिथेच पडून राहू लागले. मग चौक्यांनी एकामागून एक शस्त्रं टाकली. २ जुलै २०२१ला अमेरिकेने बगराम हा आपला मोठा हवाई तळ सोडला, १५ ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये शिरलं.

सोव्हिएत फौज अफगाणिस्तानातून फेब्रुवारी १९८९मध्ये गेली, तरी तिच्या पाठिंब्याचं राष्ट्राध्यक्ष नजिबुल्लांचं सरकार तीन वर्षं तगलं, कारण मॉस्कोहून इंधन, शस्त्रं, पैसा येत होता. ती रसद तुटल्यावर एप्रिल १९९२मध्ये ते कोसळलं.

म्हणून आधी पगाराची वाट दुरुस्त करावी. बोटांचे ठसे घेऊन खरी माणसं मोजायची आणि पैसे थेट शिपायाच्या हाती द्यायचे. २००९मध्ये काही अफगाण पोलिसांना मोबाइलवर पगार दिला, तर त्यांना पगारवाढच झाली असं वाटलं! मधे इतकी गळती होती. पाठोपाठ पोलीस ठाणी, कोर्टं. आणि बंदूक काढून घेतलेल्या माणसाला लगेच काम द्यायला हवं. मे २००३मध्ये इराकचा ताबा घेतलेल्या अमेरिकेने तिथलं सैन्य एका आदेशाने बरखास्त केलं. बेकार झालेले कितीतरी जवान पुढे बंडखोरांत गेले.

प्रश्न : कुठे नीट जमलंय का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात. संयुक्त राष्ट्रांची फौज तिथे २००३मध्ये गेली आणि टप्प्याटप्प्याने कमी होत गेली. २०१४मध्ये इबोलाची साथ आली तेव्हा कपात थांबवली, कारण माघार परिस्थिती पाहून चालली होती. भारताचं महिला पोलीस पथक २००७पासून नऊ वर्षं तिथे होतं. ३० जून २०१६ला सुरक्षेची जबाबदारी सरकारकडे दिली, तरी थोडी माणसं मागे ठेवली. जानेवारी २०१८मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांकडे शांततेत सत्ता गेली, मार्चअखेर ती मोहीम संपली.