कमी चाललेली जुनी गाडी घेतली, तरी इंजिनचा दिवा सारखा का लागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षं जुनी, जेमतेम १८ हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल गाडी घेतली. सकाळी सुरू केली की इंजिन थरथरतं, मिस मारतं, तापल्यावर बरंच सुधारतं. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०३०० हे दोन कोड येतात. प्लग, कॉइल, ऑक्सिजन सेन्सर असं सगळं बदलून झालं. कोड पुसला की काही दिवस बरे जातात आणि दिवा परत लागतो. एवढ्या कमी रनिंगच्या गाडीचं इंजिन खराब कसं झालं, आणि आता ती विकून टाकावी का?

इंजिनातले असले वारंवार येणारे दोष शोधणं हेच माझं रोजचं काम. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की इंजिन बहुधा धडधाकट आहे. बिघाड त्याला हवा, पेट्रोल आणि वीज पुरवणाऱ्या गोष्टींत आहे. आतापर्यंत तुमच्या गाडीत पार्ट बदलले गेले, दोष मात्र कुणी शोधलेला नाही.

कोड काय म्हणतोय ते आधी नीट पाहू. पी०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) एका ठरावीक सिलिंडरचा नाही, कधी इथे कधी तिथे. एखादी कॉइल गेली असती तर सहसा पी०३०१, पी०३०२ असा नेमका सिलिंडर पकडला गेला असता. चारही कॉइल एकाच वेळी कशा जातील? आणि ऑक्सिजन सेन्सर तर हवा जास्त असल्याचं खरं तेच सांगत होता. त्यालाच काढून टाकलं.

कमी चाललेली म्हणजे नवी, हा समज फार खोल रुजलाय. पिस्टन, रिंगा, बेअरिंग किलोमीटरने झिजतात हे खरं. पण रबर, प्लास्टिक, गॅस्केट, तेल, कूलंट, बॅटरी यांना वर्षं लागू होतात, मीटर नाही. टायमिंग बेल्ट असलेल्या गाड्यांत कंपनी किलोमीटर आणि वर्षं दोन्ही देते, जे आधी येईल ते धरायचं, ते याचमुळे. सात वर्षांत १८ हजार म्हणजे दिवसाला सरासरी सात किलोमीटर. तापमानाचा काटा काही मिनिटांत मधे येतो, पण तेल पूर्ण तापायला त्याच्या बरंच पुढे, पंधरा-वीस मिनिटं जावी लागतात. त्याआधीच इंजिन बंद झालं की ज्वलनातून आलेली पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलातच राहतं. तेल पातळ होतं, पुढे गाळ धरतो. तेलाचं झाकण उघडून आतून बघा. फेसाळ पिवळट थर दिसला आणि कूलंटची पातळी कमी होत नसेल, तर तो बहुतेक वेळा याच छोट्या फेऱ्यांचा. कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) तपासावं लागेल, तिथे थांबू नका.

आता मुख्य तपासणी. स्कॅनरवर कोड वाचून गप्प बसायचं नाही, चालू इंजिनचा फ्युएल ट्रिम वाचायला सांगा. कंप्युटर ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा. शॉर्ट टर्म (क्षणोक्षणीचा) आणि लाँग टर्म (कंप्युटरने शिकून ठेवलेला) यांची बेरीज शून्याच्या आसपास, साधारण दहा टक्क्यांच्या आत असावी. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ती +२० ते +२५ टक्के दाखवत असेल आणि २५०० आरपीएमला पाच-सहावर उतरत असेल, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. याउलट आयडलिंगला ठीक आणि चढावर किंवा वेगात वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे पंप किंवा फिल्टर. किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. (हवेऐवजी फक्त दाब मोजणाऱ्या गाडीत हवेची गळती अशी दिसत नाही, तिथे आयडलिंग वाढलेलं असतं. मेकॅनिकला तुमच्या गाडीत काय आहे ते माहीत असेल.)

तुमच्या गाडीसारख्याच तक्रारीची एक गाडी माझ्याकडे आली होती. तिचेही प्लग-कॉइल नवे होते. ट्रिम आयडलिंगला चढलेला, वेगात उतरलेला. इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या मार्गात) धूर सोडला तेव्हा मॅनिफोल्डच्या, म्हणजे ती हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांच्या, मागून एक बारीक रेघ वर आली. क्रँककेसची (इंजिनच्या खालच्या, तेलाच्या भागाची) वाफ इनटेकला नेणारा रबरी पाईप, आणि तोही वळणाच्या खालच्या बाजूला तडकलेला. वरून बघितलं तर नवा वाटावा असा. बोटाने वाकवला तेव्हा चीर उघडली. इंजिन तापलं की रबर फुगायचं आणि चीर बरीचशी मिटायची, म्हणून गाडी दुपारी शहाण्यासारखी वागायची. तुमचं ‘सकाळी त्रास, नंतर बरं’ हे लक्षण मला थेट तिथे घेऊन जातं. धूर सोडून पाहायच्या या स्मोक टेस्टला फार वेळ लागत नाही. आणखी एकही पार्ट घ्यायच्या आधी ती करून घ्या. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि ब्रेक बूस्टरचा पाईपही त्यात तपासला जातो.

हवा निर्दोष निघाली तर पेट्रोल. ते टाकीत महिनोन्महिने पडून राहिलं की हलका भाग उडतो आणि मागे चिकट राळ उरते. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ओलही धरतं. जुनं पेट्रोल काढून ताजं भरा, मग इंधनाचा दाब मोजा.

विजेकडे तर कुणी बघतच नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. स्टार्टर मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय किंवा सैल आहे. तेवढ्याने सेन्सर भलतेच आकडे देतात. उभ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलीय का, तेही बघून घ्या.

मीटरवरचे १८ हजार खरे आहेत का, हेही पडताळा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. टायर गाडीपेक्षा बरेच नवे असतील तर ते का बदलले, विचारा. वयामुळे बदलले असतील तर त्यात गैर काही नाही. पण त्याच्या जोडीला पेडलचं रबर गुळगुळीत असेल आणि सर्व्हिसच्या नोंदी मधेच तुटत असतील, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. पुढे कधी जुनी गाडी घेताना स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या कंप्युटरने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का, ते दाखवणारी यादी) बघा. ते अपूर्ण असतील तर नुकतीच बॅटरी काढलीय किंवा कोड पुसलेत.

दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर जोर देऊ नका, जमेल तिथे थांबा. तो जोरदार मिसफायरचा इशारा असतो. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या मार्गातला धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं, आणि तो खर्च बाकी सगळ्यावर कडी करेल.

विकण्याचा निर्णय कॉम्प्रेशन टेस्टनंतर, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजल्यावर, घ्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आले तर गाडी ठेवा, तेल-कूलंट आणि कडक झालेले पाईप बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर पळवा. एखादा सिलिंडर बराच खाली आला तर इथेच आकडे लिहा, सोबत आयडलिंग आणि २५०० आरपीएमचे ट्रिमही द्या, मग पुढचं सांगता येईल.