हिपॅटायटिस सीच्या गोळ्या देताना फार्मासिस्ट एवढी चौकशी का करतो?

आपल्या वडिलांना दीर्घकालीन हिपॅटायटिस सीसाठी (यकृताच्या विषाणूजन्य आजारासाठी) सोफोसबुवीर-वेल्पाटासवीरची गोळी १२ आठवडे लिहून दिली आहे आणि फार्मासिस्टने पित्ताच्या गोळीपासून मधुमेहापर्यंत सगळे खोदून विचारले, हा अधिकार त्याचा की डॉक्टरांचा, असा आपला प्रश्न आहे. मी रुग्णालयाच्या औषधालयात फार्मासिस्ट आहे आणि माझ्या मते ती चौकशी हेच आमचे मुख्य काम आहे.

पूर्वी या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शने चालत, तेव्हा रुग्णाला ती सोसवतील का, हीच मोठी काळजी असे. आताची गोळी बहुतेकांना सहज सोसते. अडचण येते ती सोबतच्या औषधांची. या गोळीतले वेल्पाटासवीर विरघळायला पोटात आम्ल लागते, म्हणून पित्तावरचे, आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल चालू असेल तर वेल्पाटासवीर रक्तात कमी उतरते. गंमत अशी की ‘दुसरे काही औषध घेता का?’ असे विचारल्यावर रुग्ण ठामपणे ‘नाही’ म्हणतो, कारण रोज सकाळच्या गॅसच्या गोळीला तो औषध मानतच नाही. त्यामुळे आम्हाला नाव घेऊनच विचारावे लागते. साधे अँटासिडही या गोळीपासून चार तास दूर ठेवावे लागते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि फिट्सवरचे फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांच्यामुळे या औषधाचा परिणाम इतका घटतो की ती एकत्र देत नाहीत, तर हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन सोबत असेल तर ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. मधुमेहाचे विचारले ते यासाठी की विषाणू कमी होऊ लागला की काहींची साखर उतरते आणि जुना डोस जास्त ठरतो. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का, हेही आम्ही पाहतो, कारण सीच्या उपचारात दबलेला बी उसळू शकतो.

यातले काही आढळले तर आम्ही चिठ्ठी परस्पर बदलत नाही, डॉक्टरांना फोन करतो. आपणही वडिलांची कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये.

खर्चाची चिंता असेल, तर २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाच्या सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी विषाणूची रक्ततपासणी होते आणि बरे झाल्याचे तिच्यावरूनच ठरते. तोवर रुग्णाला बरे वाटत असल्याने ती हमखास राहून जाते, म्हणून शेवटची बाटली देतानाच मी ती तारीख पाकिटावर लिहून देतो.